जे काही वापरात नाही

३ मार्च

दूध तापत ठेवलं होतं, मी केर काढत होते, आणि हे दारात बसून बादलीची निसटलेली कडी ठोकून बसवत होते. साखर संपली म्हणून कोपऱ्यावरून पुडी आणली होती. साखर डब्यात ओतल्याबरोबर ह्यांनी पुडीचा कागद मांडीवर सपाट केला आणि माझ्यापुढे धरला. वाच म्हणाले. मी झाडू काखेत मारून वाचलं. वर्तमानपत्राचा तुकडा होता, कुठल्याशा पुलाची बातमी, खालून फाटलेली. मग पूल झाला की नाही, असं मी विचारलं, तर हे म्हणाले की उरलेलं कळायला पुन्हा साखर आणावी लागेल. तेवढ्यात दूध उतू गेलं. त्या सकाळी याहून काहीही घडलं नाही, आणि आज सामान टेम्पोत चढवताना नेमकी तीच सकाळ का डोक्यात बसली कुणास ठाऊक. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अशी पुड्यांवर वाचायला शिकले. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी हातात कागद आला की आधी तो सपाट करते.

आज वन्संकडे राहायला आले. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांना मूलबाळ नाही, मलाही नाही. दोघींनी दोन चुली पेटवण्यापेक्षा एक बरी, असं ठरलं आणि मी माझी भाड्याची खोली सोडली. आल्या आल्या त्यांनी विचारलं की आलीस का, मला वाटलं मी गेल्यावरच येतेस. टेम्पोवाला हसला, मी हसले, मग त्याही हसल्या, आणि माझ्या हातातली पिशवी सुटायची राहिली. अगदी ह्यांचं हसू. आधी आवाज नाही, नुसते खांदे हलतात, आणि मग एकदम ठसका लागल्यासारखं फुटतं. ते हसू आता जगात या एकाच खाटेवर उरलं आहे. ते जपायचं. मला दुसरं काही नको.

घर मात्र छान. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो, त्यावर घारी फिरत असतात. मी म्हटलं की काय सुंदर डोंगर आहे. वन्सं म्हणाल्या की सुंदर असणारच, सगळ्या शहराने मिळून केलाय.

तो कचरा डेपो आहे.

५ मार्च

सकाळी गल्लीच्या समितीचे चिटणीस येऊन गेले. निवृत्त गृहस्थ, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात वजनाचा काटा. घंटागाडी येण्याआधी प्रत्येक घराची पिशवी स्वतः तोलतात. त्यांनी सगळं नीट समजावलं. डेपो भरला आहे, त्याची हद्द वाढवायची आहे, आणि आमच्या परसामागे हाकेच्या अंतरावर लाल खांब रोवलेत, ते त्याचेच. मोर्चे झाले, निवेदनं झाली. शेवटी नगरपालिकेच्या कचेरीने सांगितलं की जी गल्ली आपला कचरा निम्म्यावर आणेल तिच्या बाजूला हद्द सरकणार नाही.

मला यात अवघड काही वाटलं नाही. आमच्याकडे टाकून द्यायला होतंच काय! सालं, देठं कुंडीत जिरवायची, बाटल्या-डबे पुन्हा वापरायचे, बाजारात जाताना पिशवी घरून न्यायची. शेजारची शिक्षिका म्हणाली की तुम्ही आल्यात ते बरं झालं, माझ्या दोन कार्ट्यांचा कचरा तुमच्या घरावर वाटून टाकू. ती नेहमी अशी धावता धावता बोलते, एक पाय चपलेत आणि एक बाहेर.

९ मार्च

गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये सभा झाली. माझ्या शेजारी शिंपीमामा बसले होते. कोपऱ्यावरच्या खोलीत एकटेच राहतात. हल्ली शिवत नाहीत. सुईचं नेढं आणि माझे डोळे, दोघांचं बोलणं बंद आहे, म्हणाले.

चिटणिसांनी मांडलं की घरात साठवलेली अडगळ म्हणजे उद्याचा कचराच. ती आजच बाहेर काढली आणि गरजूने उचलली तर डेपोपर्यंत जाणारच नाही. म्हणून ठराव असा, की ज्या वस्तूचा महिनाभर कुणालाही उपयोग झाला नाही ती कचरा समजावी, आणि रविवारी दारात आणून ठेवावी. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. हात वर झाले. एक प्रत कचेरीत जाणार आणि एक डेपोच्या फाटकावर लागणार. चिटणीस म्हणाले की त्या डोंगरालाही कळू दे, गाठ कुणाशी आहे.

१६ मार्च

आज रविवार. दारोदार वस्तू मांडल्या होत्या, नुसती जत्रा. शिक्षिकेने बाळाचा पाळणा काढला, तो न्हाव्याच्या सुनेने नेला. मला एक वाचायचा दिवा मिळाला. वन्संनी त्यांची काठी द्यायला सांगितली. तिला चालायला कुणीतरी पाय असलेलं मिळू दे, म्हणाल्या. संध्याकाळी मी त्यांना जुन्या मासिकातली गोष्ट वाचून दाखवली. हे लहानपणी बोबडं बोलत, ती नक्कल त्यांनी करून दाखवली. फार दिवसांनी बरं वाटलं.

११ एप्रिल

ह्यांचे बूट गेले.

ट्रंकेत तळाशी होते, कागदात गुंडाळलेले. ट्रंकेला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आज कपडे उन्हाला घालायला म्हणून उघडली. कागद जसाच्या तसा होता. टाचेशी गोल, पुढे निमुळता, वर नाडीच्या गाठीएवढा उंचवटा. पूर्ण बुटाचा आकार, आणि आत काही नाही. मी बोट लावलं तेव्हा खचला.

चोरी म्हणावी तर बाकी सगळं जागच्या जागी. शिक्षिकेला विचारलं तर म्हणाली की तिच्या माळ्यावरचं शिवणाचं सामान गेलंय, तिला वाटलं तिनेच कुणाला दिलं. चिटणिसांकडे गेले. ते खुशीत होते, काटा महिनाभर उतरतो आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की बूट कुणाच्या उपयोगाचे होते का? मी म्हटलं, माझ्या. तर मऊ आवाजात म्हणाले की तुम्ही ते शेवटचे कधी घातले होते, ताई?

काय बोलणार अशा माणसाशी!

१३ एप्रिल

डेपोच्या कुंपणापर्यंत गेले. आमच्या बाजूच्या उतारावर आमच्या गल्लीच्या वस्तू आहेत. फेकलेल्या नाहीत. मांडलेल्या आहेत. खुर्च्यांची रांग, भांड्यांची रांग, घड्या घातलेले कपडे. कचऱ्याच्या अंगावर, पण धूळसुद्धा नाही त्यांच्यावर. ह्यांचे बूट दुरूनही ओळखू आले, डाव्याची टाच बाहेरून झिजलेली.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हटलं की माझे बूट तेवढे काढून दे बाबा. त्याने फाटकावरचा ठराव दाखवला. आत आलेलं परत द्यायची पद्धत नाही, म्हणाला. हे आणलं कुणी, असं विचारलं तर म्हणाला की गाडी तर आली नाही. आणि पुन्हा तंबाखू मळायला लागला, जसं काही यात विचारण्यासारखं उरलंच नाही.

१७ एप्रिल

गल्लीला कळलं आहे. बोलत कुणी नाही, पण सकाळी घराघरांतून एकच आवाज येतो, कपाटं उघडल्याचा. प्रत्येक वस्तू वापरात ठेवायची. मीही करते. ह्यांचा चष्मा लावून वाचते, नंबर थोडा चुकतो, पण चालतं. ह्यांचा सदरा अंगात घालून भांडी घासते. वन्सं म्हणाल्या की शेतात उभी केलीस तर पाखरं फिरकणार नाहीत. हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या की बाह्या दुमडून घाल, तो तसाच घालायचा.

मी चिटणिसांना म्हटलं की ठराव मागे घ्या. ते म्हणाले की काय म्हणून? वस्तू जातात म्हणून? वस्तू जाव्यात म्हणूनच तर ठराव केला.

२० एप्रिल

पुन्हा सभा. कचेरीचं उत्तर आलं आहे. कचरा घटला, पण निम्म्यावर आला नाही. तेव्हा महिन्याचा आठवडा करावा अशी सूचना आली आणि पटापट मान्य झाली.

मग कोपऱ्यावरच्या वाळक्या झाडावरून वाद निघाला. ते पाडायचं का? झाड ही वस्तू आहे का? अर्धा तास लोक झाडावरून भांडले. एकजण म्हणाला की सावली देत नाही म्हणजे वस्तूच. दुसरा म्हणाला की मग तुझा मेहुणाही वस्तूच. हशा झाला. शेवटी चिटणिसांनी तोडगा काढला, की 'ज्या वस्तूचा' काढून टाकू आणि 'ज्या कशाचा' असं लिहू, म्हणजे वादच मिटला.

मी उभी राहिले. मी म्हटलं की त्यात 'माणसं सोडून' एवढं लिहा. कुणाला कळेना. पुन्हा सांगितलं. चिटणीस म्हणाले की ताई, माणसं सोडूनच, ते काय लिहावं लागतं? मी म्हटलं की लिहावं लागत नसेल तर लिहायला काय हरकत आहे? तर म्हणाले की कचेरीत लोक हसतील, यांना माणूस आणि कचरा यांतलं कळत नाही का म्हणतील. सगळे मान डोलावत होते. शिक्षिकेने माझा पदर ओढून खाली बसवलं. म्हणाली की घरी भाजी शिजत ठेवून आलेय, आता नको ताणूस.

दोन शब्द. दोन शब्द लिहायचे होते.

२८ एप्रिल

झाड सकाळी नव्हतं. खड्डाही नाही. जमीन सारवल्यासारखी.

शिंपीमामाही नाहीत.

दार उघडं होतं. चहाचा कप भरलेला. पलंगावरची चादर ताणून बसवलेली, कुणी कधी झोपलंच नसावं अशी. न्हावी म्हणाला की गेले असतील भावाकडे. त्यांना भाऊ नाही. मी तसं म्हटलं तर न्हावी चिडला, मला म्हणाला की तुम्ही परवा आलात, तुम्हाला काय माहीत.

दुपारी गच्चीवर गेले. उन्हाने डोळे दिपत होते, तरी दिसले. उतारावर, कपड्यांच्या रांगेनंतर. मशीनसमोर बसलेत. पाय पायट्यावर हलतायत. मशीनला दोरा नाही, पट्टाही नाही. मी सगळा जीव एकवटून हाक मारली. त्यांनी मान उचलली, ऐकू आल्यासारखी, आणि पुन्हा खाली घातली.

पहारेकरी म्हणतो की आत माणूस नाही. त्याचं तोंड फिरवून दाखवलं तरी म्हणतो की नाही.

३० एप्रिल

वन्सं. त्या कुणाच्या काय उपयोगाच्या? आठवडाभर दारात कुणी डोकावत नाही. फक्त मी. त्यांना इथून न्यायचं तर कुठे न्यायचं? माझी खोली केव्हाच दुसऱ्याला गेली. चार ठिकाणी विचारलं. अंथरुणावरचं माणूस म्हटल्यावर सगळ्यांची घरं लहान होतात.

म्हणून त्यांना कामं देते. लसूण सोला, बटणं लावा, घड्या घाला. ह्यांच्या लहानपणचं रोज काहीतरी सांगा. त्या म्हणाल्या की भावाला सांभाळलं, आता त्याच्या बायकोकडे मजुरी करते. पण काल मी विसरले तर स्वतःच म्हणाल्या की अगं, आज माझं काम काय ते सांगितलं नाहीस. चेहरा हसरा होता. हात चादरीला घट्ट धरून होते.

५ मे

कचरा निम्म्याच्या खाली आला. लाल खांब उपटून नेले. गल्लीत पेढे नाहीत एवढंच, बाकी लग्नघर. मी पुन्हा उभी राहिले. शिंपीमामांचं काय, असं विचारलं. कुणीतरी म्हणालं की बाई, पुरे आता. खांब गेलेत हे दिसत नाही का? शिक्षिका तर ओरडलीच माझ्यावर, की ठराव मागे घेतला तर खांब परत येतील, मी दोन पोरं घेऊन जाऊ कुठे? तिचं खोटं नाही. तेच तर.

चिटणीस म्हणाले की गाफील राहून चालणार नाही, पलीकडच्या गल्लीनेही असाच ठराव केला आहे, जो मागे पडेल त्याच्याकडे हद्द सरकणार. म्हणून आठवड्याचा दिवस करू. उगवतीपासून मावळतीपर्यंत.

हात वर. सगळे. मी ओरडत होते आणि हात वर जात होते.

८ मे

दिवसभर हात लावत फिरायचं. चमचे, वाट्या, दाराच्या कड्या. लोक रस्त्यात थांबत नाहीत. कुणी कुणाकडे जात नाही, घरचंच उरकत नाही. ह्यांचा पट्टा गेला. दाढीचा ब्रश गेला. चष्मा आहे. जाऊ दे. वन्सं आहेत.

उद्या कचेरीत जाणार. ठराव तिथेही आहे. ते दोन शब्द तिथे लिहून घेईन.

९ मे

सकाळी वन्संपुढे लसणाचं ताट ठेवलं. लसूण शेजारणीसाठी, दुपारी येऊन ती नेणार, दोन गोष्टी विचारणार, पाणी मागणार. असं ठरवून गेले. तिने मुलांची शपथ घेतली.

कचेरीत बाकावर बसवलं. साहेब बैठकीत. साहेब जेवायला. मग दुसरा विभाग. तिथून पहिला. मी म्हणत होते की मला सूर्य मावळायच्या आत घरी जायचंय, आणि शिपाई म्हणत होता की सगळ्यांनाच घर असतं. शेवटी साहेबांनी वाचलं. छान ठराव आहे, म्हणाले. तुमचा तुम्हीच केलाय, आम्हाला त्यात अक्षर घालता येत नाही.

धावले. या वयात. गल्लीत शिरले तेव्हा ऊन भिंतींच्या वरच्या कडेला होतं, नुसती रेघ —

चादर ताणलेली. उशीला खळगा नाही. ताटात लसूण, अर्धा सोललेला.

शिक्षिका दारात आली. मुलाची सायकल, पुस्तकं, वाट्या, आता जाते मग जाते, असं म्हणत राहिली. रडत होती. मला रागही आला नाही. राग यायला कुणीतरी समोर लागतं, आणि ती रडतानासुद्धा माझ्या दाराच्या कडीला हात लावत होती.

कुंपणाशी गेले. अजून दिसत होतं. वन्सं बसल्या होत्या. ताठ. खाटेवर ज्यांना कूस बदलता येत नव्हती त्या. मी हाक मारली, वन्सं, मी आलेय. त्यांचे खांदे हलायला लागले. हलत राहिले. मी थांबले, पुढचा आवाज येईल म्हणून थांबले —

पहारेकऱ्याने मला घरी पाठवलं.

१० मे

आज उजाडताच गल्लीतली सगळी दारं वाजवली. माझ्याजोगं काही काम आहे का, असं विचारलं. पाणी भरते, मुलं सांभाळते, वाचून दाखवते. न्हाव्याने दार अर्धं उघडून नको म्हटलं. चिटणीस म्हणाले की ताई, तुमच्या घराचा काटा शून्यावर आलाय, अभिनंदन. शिक्षिकेने दार उघडलं नाही. आत वाट्या वाजत होत्या. पलीकडच्या गल्लीत गेले. तिथे पाणी मागायलासुद्धा कुणी थांबलं नाही. दुपारी रस्त्यावर एका म्हाताऱ्याला हात दिला, त्याने झटकला, माझं मी जातो म्हणाला.

ऊन उतरलं तशी घरी आले. वन्संची चादर धुतली. पिळली. गच्चीवर वाळत घातली. खाली येऊन दार उघडं ठेवलं, आणि उंबऱ्यावर बसून, कुणी जाताना दिसलं तर हाक मारावी म्हणून मी